मोकळी शिंक

मेडिकलला जायचं तर आधी कॉलेजात राहिलेले केमिस्ट्री आणि फिजिक्स सुटायला हवे होते, आणि प्रवेश परीक्षाही त्याच महिन्यात आली होती. दोन्हीकडची पुस्तकं उघडून बसलेल्या लेकीच्या डोक्यात एक अक्षर शिरेना. शेवटी ती खोलीबाहेर आली. आई भाजी निवडत होती, बाबा पेपर वाचत होते.

"मी यंदा प्रवेश परीक्षा देत नाही. आधी हे दोन विषय नीट सोडवते. पुढच्या वर्षी बसते."

आईनं बाबांकडे पाहिलं.

"नक्की ठरलं?" बाबांनी विचारलं.

"हो. रागावलात?"

बाबांचा चेहरा वाकडा झाला, डोळे मिटले, आणि खिडकीच्या काचा थरथरतील अशी सणसणीत शिंक त्यांनी दिली.

"अहो, गॅलरीत!" आई सवयीनं ओरडली.

"आता कशाला?" बाबा नाक पुसत म्हणाले. "हिचा अभ्यास मोडू नये म्हणून वर्षभर बाहेर पळतोय. आज तरी घरात शिंकू दे."

लेकीला हसू आवरेना. तोवर आईनं स्वयंपाकघरात बिनधास्त मिक्सर लावलासुद्धा.