काकडीवरचे दात

शेंगा सशांनी फस्त केल्या, टोमॅटोंना पाखरांनी चोची मारल्या, तरी सुनेने लावलेल्या काकड्या भर उन्हाळ्यात कुंपणभर लगडल्या. गेल्या आठवड्यापासून मात्र रोज एक काकडी अर्धी खाल्लेली सापडायची. तिने चिडून पिंजरा आणला आणि पायरीवर बसलेल्या सासऱ्यांपुढे उष्टी काकडी नाचवली. “बघा बाबा, लबाड सशाचे दात!” “असेल बिचारा भुकेला,” म्हणत ते हसले आणि त्यांनी पटकन तोंडावर हात धरला. पण पुढच्या पडलेल्या दाताची फट तिला दिसलीच. काकडीवरच्या चाव्यातही मधोमध तेवढीच पट्टी शिल्लक होती. सासूबाई आग्रह करकरून वाढायच्या. त्या गेल्यापासून ते पहिल्याच वाढणीला “पुरे” म्हणायचे आणि ती खुशाल भांडं उचलायची. दुपारी “पुरे” ऐकूनही तिने वाढलं, पुन्हा वाढलं. ताट लख्ख झालं, तरी ते खालमानेने “पुरे, पुरे” म्हणत होते.