थॉर्नबीची शेवटची मॅच

टेपमधून स्वतःचाच आवाज आला आणि संपतने गाडी दोह्यातल्या अल सद्दच्या राउंडअबाउटच्या अलीकडेच कडेला घेतली.

"अंजना, त्या धनाला सांग," टेपमधला संपत गरजत होता, "मी सुट्टीवर यीन तवा त्यानं मला तोंड दावायचं न्हाई. धाव्वीत नापास! त्ये बी इंग्रजीत! मला पोरगंच न्हाई आसं समजतो मी."

मागच्या सीटवर हॉल्टसाहेब सिगारेट पेटवता पेटवता थांबले. त्यांना थॉर्नबी टाउनची मॅच ऐकायची होती. थॉर्नबी म्हणजे इंग्लंडातलं त्यांचं गाव, आणि टाउन हा तिथला फुटबॉल क्लब. त्यांचा भाऊ तिकडे रेडिओवरून मॅच कॅसेटवर भरायचा, पोस्टाने दोह्याला धाडायचा. साहेब साइटवर जाता-येता गाडीत ऐकायचे. आणि संपत घरी बोलणं भरून पाठवायला अल मन्सूराच्या दुकानातून ज्या कॅसेटी घ्यायचा, त्याही हुबेहूब तसल्याच.

आता बोला! संपतची कॅसेट गाडीत, मग साहेबांची मॅच कुठे? पोपटरावांच्या बॅगेत. आणि पोपटराव, संपतच्या गावचे आणि त्याच्याच खोलीत राहणारे, संपतने घरी द्यायला दिलेली कॅसेट घेऊन कालच्या विमानाने सुट्टीवर गेलेले. एसी चालू असून संपतला घाम फुटला. साइटवर राहून साहेबांना हिंदी कळायची; त्याने मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं कबूल केलं.

साहेब आधी तापले. मग टेपकडे बोट दाखवून म्हणाले, "हा ओरडतोय कुणावर? थॉर्नबीच्या मॅनेजरसारखा वाटतो."

"पोरगं नापास झालं, साहेब."

"अच्छा," साहेब म्हणाले आणि बाहेर बघत बसले.

खरं तर या साहेबांचं संपतला वर्षभर मोठं नवल वाटत आलं होतं. थॉर्नबी सारखी हरायची. निकाल साहेबांना शनिवारीच बीबीसीवर कळायचा, चेहरा पडायचा. तरी पुढे टेप आली की तीच हरलेली मॅच पहिल्यापासून ऐकायचे! शेवटी एकदा न राहवून त्याने विचारलं होतं. साहेबांनी समजावलं, शेवटचे तीन क्लब खालच्या वर्गात ढकलतात, आमची वर राहायची धडपड चाललीय.

"म्हंजे नापासच की!"

"नापासच."

"मग हरल्यालं परत ऐकायचं कशाला?"

साहेबांनी आवाज वाढवायला लावला. कॉमेंट्री करणाऱ्याच्या मागे, लांबवर, माणसांचा समुद्र गात होता. "हे ऐकायला," साहेब म्हणाले. संपतला काडीचं कळलं नाही. हरणाऱ्यांसाठी घसा फोडणारी माणसं वेडीच असणार, एवढंच त्याने मनाशी ठरवलं. पुढे शेवटच्या मॅचमध्ये थॉर्नबीने चार गोल खाल्ले आणि ती खाली गेली. पोपटरावांच्या बॅगेत गेली ती नेमकी हीच मॅच.

संपतने आपली कॅसेट खोलीवर नेऊन उशाखाली ठेवली. गावाकडचं कुणी जाणारं भेटलं की ती पाठवायची होती. राग तसूभरही उतरला नव्हता.

गावाकडचं कुणी भेटलंच नाही. ऑगस्टात पोपटराव परत आले. शेंगदाण्याची चटणी काढली, अंजनाने भरून दिलेली कॅसेट काढली.

"आन् साहेबाची?" संपतने विचारलं.

"तुझं पोरगं सोडंना. तूच ऐक आता."

संपतने टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला.

"अहो, ह्ये काय पाठवलंत?" अंजना विचारत होती. "सारी आळी गोळा झाली हुती ऐकाय. निसता इंग्रजी कालवा! आत्ता तुमचा आवाज यील, मग यील, म्हनून दोनी बाजू ऐकल्या. आत्याबाई तर रडाय लागल्या, माझा संपा मराठी इसरला म्हनून."

पोपटराव खोखो हसले. संपतही हसला. मग टेपमध्ये खरखर झाली आणि एक जाडसर, अनोळखी आवाज आला.

"आबा, मी धना."

पोराचा आवाज फुटला होता. बापाला ओळखू आला नाही.

"आबा, मी इंग्रजीत नापास झालो म्हणूनच तुम्ही इंग्रजी कॅसेट पाठवली, हे माझ्या लगेच ध्यानात आलं. आईला नाही कळलं. मी रोज लावतो. अडलं की सरांकडे घेऊन जातो. आबा, त्यांनी चार गोल खाल्ले. खालच्या वर्गात गेले. तरी लोक घरी जाईनात, शेवटपर्यंत गात होते. सरांना पण नवल वाटलं." आवाज थांबला. मग घाईघाईने म्हणाला, "मला वाटलं होतं, तुम्ही आता माझ्याशी बोलणारच नाही. ऑक्टोबरचा फॉर्म भरलाय. आबा, माझ्यासाठीच पाठवलीत ना?"

टेप संपली. पोपटराव हसायचे थांबले होते. "काय झालं रं, संपा?"

संपतला स्वतःची लाज वाटत होती आणि पोराच्या मायेचा कढ आला होता. त्याने उशाखालची कॅसेट काढली, पार सुरुवातीपर्यंत मागे नेली आणि टेपरेकॉर्डरमध्ये घातली. कोरी कॅसेट फळीवर होती, पण त्याला हीच हवी होती. हिच्यावरचं सगळं पुसायचं होतं. त्याने आवाज भरायची दोन्ही बटणं एकदम दाबली.

"व्हय रं धना," तो म्हणाला, "तुझ्यासाठीच पाठवली."