कोण आधी गंजणार?

रसायनशास्त्राच्या तोंडी परीक्षेत एकदा नापास झालेली एक मुलगी परीक्षक मॅडमसमोर पुन्हा उभी होती.

“लोखंडी टाकीला तांब्याचा नळ जोडला, तर आधी कोण गंजेल?”

“टाकी. लोखंडाचं इलेक्ट्रोड पोटेन्शियल तांब्यापेक्षा कमी, म्हणजे ते जास्त चांगलं क्षपणक. इलेक्ट्रॉन तेच देणार.”

“मग टाकी वाचवायची कशी?”

“तिला जस्ताचा तुकडा जोडायचा. त्याचं पोटेन्शियल आणखी कमी. टाकीऐवजी जस्तच झिजेल.”

“आणि टाकी गळायलाच लागली असेल तर?”

मुलगी रडवेली झाली. “मॅडम, हे पुस्तकात नाहीये!”

“माहितीये गं. तू केव्हाच पास झालीस. पण आमच्या खालच्या मजल्यावरचे काका कालपासून छत्री उघडून जेवायला बसतायत, त्यांना मी काय सांगू?”