तीन चमचे माती

बिल्किसनं झोपेच्या गोळ्यांची बाटली तांदळाच्या डब्यात खोल खुपसली आणि वरचे तांदूळ सारखे केले. मॅडम तांदळाच्या डब्याला कधी हात लावत नसत.

बाहेर हॉलमध्ये मार्गारेता मॅडम कुंडीतली माती चहाच्या गाळणीनं चाळत बसल्या होत्या. चाळलेली माती चांदीच्या वाटीत पडत होती. वाटीशेजारी एक चमचा ठेवला होता.

"ही कशाला, मॅडम?" बिल्किसनं विचारलं. दोघींचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं.

"तीन चमचे लागतात," मॅडम म्हणाल्या. "आमचा पाद्री पेटीवर तीनदा माती टाकतो."

पुढचं सांगायची गरज नव्हती. बिल्किसच्या गावात, दापोलीकडेही कबरीवर तीन मुठी माती देतात.

आठवडाभर हेच चाललं होतं. आधी मॅडमनी कपाटातला काळा झगा काढला आणि बाब अल बहरीनजवळच्या बाजारातल्या टेलरकडून कमरेत आत घेऊन आणायला लावला. मग स्वीडनहून आणलेल्या प्रार्थनेच्या पुस्तकात एका गाण्यापाशी खूण घातली. डिसेंबर लागला की खिडकीत कागदी तारा लावायचा हा त्यांचा नेम. यंदा बिल्किसनं तारा काढून दिला, तर त्यांनी तो परत खोक्यात ठेवला. काल तर त्यांनी सगळ्या खिडक्यांना पांढऱ्या चादरी बांधून घेतल्या. अमवाज बेटाचा एवढा निळाशार समुद्र, पण घरात कोंदट पांढरा उजेड.

बाई मरायची तयारी करत होती, आणि तीही नीट इस्त्री करून! बिल्किसला तिचा राग आला आणि रडूही आलं.

त्यात तिचं स्वतःचंही होतं, हे ती नाकारत नव्हती. आईला सांभाळायला म्हणून मॅडमच्या मुलानं, लार्स साहेबांनी, तिला व्हिसा दिला होता. मॅडम नसल्या तर काम नाही, आणि काम नसलं तर व्हिसा नाही. इकडे वीस तारखेला व्हिसा संपत होता, आणि गावी तिच्या लेकीचं, लाईबाचं, नर्सिंगचं दुसरं वर्ष चालू होतं.

दुपारी तिनं चुलतभावाला फोन लावला. अन्सार बहरीनमध्येच, सित्र्याला कंपनीची बस चालवायचा.

"अन्सारभाय, म्हातारीचा काय खरा नाय."

"साहेबाला सांग पयला," अन्सार म्हणाला. "म्हातारीला काय झाला तर तुझा व्हिसा खलास. वर तुलाच इचारतील."

"मेसेज केलाय. एकच टिक दिसतंय."

साहेब महिन्याभराच्या सुट्टीवर स्वीडनला गेले होते. तिथल्या जंगलातल्या घरात रेंज नसते, असं जाताना तेच सांगून गेले होते. पण रोज संध्याकाळी सहाला मॅडमच्या मोबाईलवर त्यांचा आवाज यायचा. आईसाठी रेंज असते, मोलकरणीसाठी नसते, असं म्हणून बिल्किस नाक मुरडायची. साहेब दोनेक मिनिटं बोलायचे, मध्ये एकदा खोकल्यासारखं हसायचे. मॅडम डोळे मिटून नुसत्या ऐकायच्या, एक शब्द बोलायच्या नाहीत. बिल्किसच्या घरी फोन आला की अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जायचा. ही माणसंच थंड, असं तिनं कधीच ठरवून टाकलं होतं.

त्या संध्याकाळी साहेबांचा आवाज येताच ती हात पुसत पुढे झाली.

"मॅडम, मला द्या. साहेबांशी बोलायचंय."

मॅडमनी घाईनं फोन बंद केला.

"आज नाही. गुरुवारी एक वाजता बघशील त्याला."

"साहेब येतायत? मग त्यांची खोली लावून ठेवते."

"खोली नको," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यात किती दिवसांनी पुरतात गं?"

"दिवसांनी? सकाळी गेला तर संध्याकाळच्या आत. मय्यत घरात ठेवत नाहीत."

"आमच्यात घाई नसते. तीन आठवडे, कधी चार. तोवर आपण गप्प राहायचं."

चार आठवडे! ही बाई आपल्यामागे किती दिवस पडून राहायचं, तेही ठरवून बसली होती. त्या रात्री ती मॅडमच्या दाराबाहेर चटई टाकून झोपली.

गुरुवार उजाडला आणि तिला हायसं वाटलं. आता साहेब येतील, आईला दटावतील आणि वीस तारखेच्या आत व्हिसाच्या कागदावर सही करतील. नको म्हटलं तरी तिनं त्यांची खोली झाडली, उशीचे अभ्रे बदलले. साहेबांना आवडते म्हणून सुरमई तळली. बारापासून तिचे कान दाराकडे होते.

एकला दहा कमी असताना मॅडमनी हाक मारली. त्यांनी काळा झगा घातला होता. मातीची वाटी त्यांच्या मांडीवर होती.

"बस माझ्याजवळ."

समोर टीव्ही लावलेला होता. बर्फातलं एक चर्च दिसलं, मग आतली बाकं, मेणबत्त्या आणि फुलांनी झाकलेली पांढरी शवपेटी. एक पाद्रीबाई काहीतरी वाचत होत्या.

बिल्किसला एकदम मोकळं वाटलं. म्हणजे तिकडचं कोणी नात्यातलं गेलं होतं! काळा झगा, चादरी, माती, सगळं त्या माणसासाठी होतं. मॅडम धडधाकट होत्या, व्हिसा शाबूत होता, आणि आपण वेड्यासारख्या गोळ्या लपवत बसलो होतो. तिनं मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले. साहेब बहुतेक या मयतीसाठीच तिकडे अडकले असतील. ती टीव्हीत त्यांना शोधू लागली. पहिलं बाक पाहिलं, दुसरं पाहिलं.

"साहेब कुठं बसलेत, मॅडम?"

पाद्रीबाईंनी छोट्या फावड्यानं पेटीवर माती टाकली. मॅडमनी चमचाभर माती वाटीतून उचलली आणि समोरच्या ताटलीत सोडली. पुन्हा एकदा. आणि तिसऱ्यांदा.

मग त्यांनी मोबाईल बिल्किसच्या तळहातावर ठेवला आणि त्यातला एक जुना व्हॉइस मेसेज बोटानं दाबला. साहेबांचा आवाज आला, आणि रोजच्याच जागी खोकल्यासारखा हसला.