तिसरा तांब्या

बोकड गावदेवापुढं उभा केला, कपाळाला हळदकुंकू लावलं आणि भगत चांगोनं पाण्याचा तांब्या सखाच्या हातात दिला. ज्याच्यासाठी नवस बोललेला, पाणी त्यानंच घालायचं, ही गावाची रीत. अंगावर पाणी पडल्यावर बोकडानं अंग झाडलं की देवानं तो घेतला. तीन तांब्यांत नाही झाडलं तर बोकड सोडून द्यायचा, आणि नवस मात्र तसाच मानेवर राहायचा.

नवस होता सखाच्या आईचा, गौराबाईचा. पोरगा ब्रह्मदेशातल्या लढाईतून जिवंत आला तर बोकड देईन, असं ती बोलली होती. लढाई संपली, पोरगा हातीपायी धड परत आला. आज सारी भावकी जेवायला यायची होती. मसाला वाटून झालेला, चुली पेटलेल्या, आणि येसाजीकाका तर सकाळपासून पोट रिकामं ठेवून बसलेले.

धड आला खरा, पण आला कुठं पुरता? दिवस कलला की ओट्यावर बसून डोंगराकडं बघत राहायचा. आईनं फारच खोदून विचारलं तेव्हा एकदा सांगितलं होतं. तिकडं एका गावात बुद्धाचं देऊळ होतं, छप्पर बॉम्बनं उडालेलं. पायरीशी बूट काढून तो आत गेला, तर एक म्हातारी लहानशा मूर्तीवर वाटीनं पाणी घालत होती. सावकाश, तान्ह्या पोराला न्हाऊ घालावं तसं. तिनं ना नाव विचारलं ना गाव, वाटी त्याच्या हातात दिली. त्यानं पाणी घातलं, आणि दोन वर्षं पोटात ठाण मांडून बसलेलं भय निवलं. आता आपल्या हातून कुणाचा जीव जायचा नाही, असं त्यानं तिथंच ठरवलं. दुसऱ्या दिवशी पलटण हलली. तेव्हापासून त्याला त्या देवळाची अशी ओढ लागली होती की ताटातला घास गोड लागेना. पण कुठं ब्रह्मदेश आणि कुठं हे कडाव गाव! जाणार कसा?

बोकड नको, असं त्यानं काल आईला सांगून बघितलं होतं. ती आधी भडकली, मग रडली.

"तुजा तो देव लांब हाय," ती म्हणाली होती. "मी ज्याच्या पाया पडले तो ह्यो हाय. नवस मोडला आन् यानं तुला माघारी नेला तर मी काय करू रं?"



आता सखानं पहिला तांब्या ओतला. मानेवरून पाठीवर, सावकाश. बोकड उभाच. दुसरा ओतला. बोकडानं डोळे मिटले आणि खुशाल रवंथ सुरू केला. मागं कुजबुज झाली. देवाचं काहीतरी बिनसलंय, असं येसाजीकाका म्हणाले आणि चुलीकडं बघून त्यांनी सुस्कारा टाकला.

गौराबाईला मात्र सगळं कळलं. जन्मभर शेरडं राखलेली बाई ती. कानात थेंब गेला की शेरडू अंग झाडणारच, आणि पोरगा नेमका कान चुकवून पाणी घालत होता. देवाच्या तोंडावर ही लबाडी! तिनं त्याला अडवायला तोंड उघडलं, पण तिची नजर त्याच्या चेहऱ्याकडं गेली. परत आल्यापासून इतका निवांत तिनं त्याला एकदाही बघितला नव्हता.

तिसरा तांब्या चांगोनं काठोकाठ भरून दिला आणि बजावलं, की आता पाठीवर नाही, बरोबर डोक्यावर घालायचं. सखाचा हात थबकला. डोक्यावर घातलेलं पाणी कानात गेल्याशिवाय राहत नाही.

"थांब," गौराबाई म्हणाली. "मी धरते त्याला."

ती बोकडापुढं बसली आणि त्याचं तोंड तिनं दोन्ही हातांत धरलं. पदर पुढं घसरला. त्या पदराखाली तिचे तळवे बोकडाच्या कानांवर गच्च बसले, ते फक्त सखाला दिसलं. देवाकडं बघून ती पुटपुटली, तेही त्यालाच ऐकू आलं.

"माज्या पोराचं नको. काय घ्यायचं ते माजं घे."

मग ती सखाकडं वळली. "घाल. त्या म्हातारीनं दावलं तसं घाल."

सखानं तांब्या ओतला. पाणी बोकडाच्या कपाळावरून आईच्या हातांवर आलं आणि काकणांखालून कोपरापर्यंत ओघळलं. बोकड हलला नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत गौराबाईनं हात काढले नाहीत.