बिनतेलाचा गुरुवार

"अपाला चाहूलसुद्धा लागू द्यायची नाही," आगा फोनवर म्हणाले. "वडीलधारी मंडळी घेऊन मी येतोय. तोवर रोजच्यासारखी वाग. रोजचंच काहीतरी रांध."

बालझान नुकतीच मासळीच्या कारखान्यातून बाहेर पडली होती. आगा म्हणजे तिचे थोरले दीर, ओरीनबेक. अपाचा पाठचा भाऊ किझिलओर्दाला सकाळी वारला, असं ते सांगत होते. अपा तिची सासू, आणि सासूचं काळीज आधीच दुबळं.

"आणि साकेन?" तिनं विचारलं. नवरा तेलविहिरींवर पाळीला गेलेला होता.

"तोही येतोय. वाटेत आहे." आगांनी घाईनं विषय बदलला. "आणि ऐक, तुझा फोन बंद ठेव. कुणीतरी दुखवट्याचा फोन करील नि अपाच्या कानावर जाईल."

त्यांच्या अराल गावात मरणाची बातमी कुणी दगडासारखी अंगावर फेकत नाही. चार पांढऱ्या दाढ्या येतात, हवापाण्याचं बोलतात आणि माणसाला आडवळणानं तिथवर नेतात. तोवर घरच्यांनी तोंडाला कुलूप घालायचं. बालझानला हे कुलूप कधी जमलं नव्हतं. दिवस गेल्याचं गुपित तिनं संध्याकाळ व्हायच्या आत गल्लीभर केलं होतं. त्यालाही आता पाच महिने होत आले होते.

ती घरात शिरली तेव्हा अपा खिडकीशी बसून होती. टीव्ही बंद होता.

"लावू नकोस," अपा म्हणाली. "डोकं दुखतंय."

बालझानला हायसंच वाटलं. अपाचा फोन ओट्यावर पडला होता. तो तिनं हळूच कोटाच्या खिशात सरकवला आणि कोट खुंटीला टांगला. रोज या वेळी बहिणीशी तासभर गप्पा छाटणाऱ्या म्हातारीनं आज फोन मागितलाच नाही.

त्यात गुरुवार. गुरुवारी अपा कढईभर तेलात पातळ पोळ्या तळायची. तापल्या तेलाचा वास घरातल्या गेलेल्या माणसांना पोचतो, त्यावरच ती तृप्त होतात, म्हणून. सुनेच्या एअर फ्रायरवर तिचा दात होता तो त्यापायीच. 'हा डबा मासा तळत नाही, नुसती फुंकर मारतो. मी मेले की मलाही हवाच खायला घालशील,' असं ती येताजाता ऐकवायची.

"कढई चढवू ना, अपा?" बालझाननं आवाज जमेल तितका सरळ ठेवला.

"नको. आज तेल नको. तुझ्या डब्यातच कर काय ते."

बालझान चपापली. म्हातारीला कळलं तर नसेल? तिनं पाठ फिरवून फ्रीजर उघडला. कारखान्यातून आणलेले कोक्सेर्के माशाचे बिनकाट्याचे तुकडे दगडासारखे झाले होते. ते वितळायची वाट बघावी लागत नाही, म्हणून तर तिचा या यंत्रावर जीव. तिनं वरचं बर्फ झटकलं, तेलाचं बोट फिरवलं, मीठ-मिरपूड लावली आणि टोपली आत ढकलली. यंत्र घोंघावू लागलं.

"आज डब्याला शिव्या नाहीत वाटतं?" तिनं हसायचा प्रयत्न केला.

"शिव्या उद्या," अपा म्हणाली. तीही हसली, पण ओठांपुरतंच.

मासा कडेनं सोनेरी झाला, तशी दोघी जेवायला बसल्या. अपानं सगळ्यात मोठा तुकडा उचलून सुनेच्या ताटात ठेवला.

"खा. दोघांचं खायचंय तुला."

"आणि तुम्ही?"

"मी खातेच आहे की."

पण ती खात नव्हती. बिनकाट्याच्या माशात ती बोटांनी काटे शोधत बसली होती. समोर बसलेल्या माणसाचा सख्खा भाऊ गेलाय आणि आपण तिला मासा वाढतोय, याची बालझानला लाज वाटली.

"सूनबाई," अपा एकदम म्हणाली, "हे घर तुझं आहे. काहीही झालं तरी."

"काय व्हायचंय, अपा?"

"काही नाही गं. म्हाताऱ्या बायका बडबडतात."

बाहेर गाडी थांबली. मग दुसरी थांबली. आगा आत आले ते खाली बघतच. त्यांच्या मागून नव्वदीचे तोलेगेनआजोबा आणि आणखी दोन म्हातारे आले, शेवटी शेजारची नर्स झैनेप. घरात आलेलं माणूस उपाशी कसं ठेवायचं, म्हणून बालझाननं उरलेले तुकडे यंत्रात भरले.

आजोबा वाऱ्यावर बोलले. यंदाच्या मासळीवर बोलले. माना हलल्या. झैनेप अपाला सोडून बालझानलाच चिकटून उभी राहिली. या बाईला जागेचंही भान नाही, असं बालझानच्या मनात आलं. ती स्वतःच अपाच्या मागे सरकली आणि तिच्या खांद्यांवर हात ठेवले. हे खांदे आता कोसळतील. आपण धरायचं, आपण रडायचं नाही.

आजोबांनी घसा खाकरला.

"पाखरू कितीही उंच गेलं तरी बोलावणाऱ्यानं बोलावलं की त्याला जावं लागतं. पोरी, मन घट्ट कर."

अपाला पोरी म्हणण्याइतके ते वयानं मोठे होतेच. पण त्यांची नजर अपाच्या डोक्यावरून पलीकडे गेली होती. आगा भिंतीकडे तोंड करून उभे होते. झैनेपनं बालझानचा दंड धरला.

अपा उठली, वळली आणि तिनं सुनेला मिठीत ओढलं.

"रड आता, बाळा," ती म्हणाली. "माझा साकेन गेला. सकाळपासून तुझ्यासाठी रडू आवरून बसलेय."