पाणी येईपर्यंत

वडिलांच्या घशातील व्हेंटिलेटरची नळी आजच काढावी, असा हरेशचा आग्रह होता. “सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग थांबायचं कशाला, डॉक्टर?” डॉक्टरांनी यंत्राचा आधार कमी करून रुग्णाच्या बरगड्यांखाली सोनोग्राफीचे उपकरण टेकवले. पडद्यावरील शुभ्र रेघ जेमतेम हलली. “हे त्यांचं श्वासपटल. फार थकलंय. आज नळी काढली, तर पुन्हा घालताना जिवावर बेतेल.” हयातभर नवऱ्यासह वाशीच्या खाडीत मासेमारी केलेली हरेशची आई रेघेकडे एकटक पाहत होती. “बाला, अजून ओहोटी हाय. चिखलातली होडी आपुन कधी ओढतो का? पानी आलं की ती आपसूक तरंगते.” हरेश खुर्ची ओढून वडिलांच्या उशाशी बसला. चौथ्या सकाळी तीच रेघ प्रत्येक श्वासासरशी वरखाली होऊ लागली. “पानी आलं,” आई वडिलांच्या कानाशी पुटपुटली. नळी निघाली. स्वबळावर श्वास घेत वडिलांनी तिला विचारले, “जालं घेतलंस?”